कोणीच पत्ते टाकत नाही: घरच्या पोकरमधला बिघाड आणि त्याची दुरुस्ती

बिघाड असा आहे. हातात एक्का-बादशहा येतो. ब्लाइंड, म्हणजे पानं पाहण्याआधी दोघांनी भरायची सक्तीची रक्कम, १-२ चा आहे, तुम्ही चांगलं ८ पर्यंत रेज करता, म्हणजे भाव वाढवता. समोर पाच जण, पाचही जण कॉल करतात, म्हणजे तेवढेच भरून डावात राहतात. फ्लॉपवर, म्हणजे मधे सगळ्यांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, नव्वी, सत्ती, चौरी पडते. तुमचं काहीच जुळलेलं नाही, तरी शिकल्याप्रमाणे बेट लावता. दोघं उरतात. टर्नवर, चौथ्या पानाला, पुन्हा लावता, एक उरतो. रिव्हरवर, पाचव्या आणि शेवटच्या पानाला, तुम्ही उरलेली अर्धी रास पुढे ढकलता. आता तरी हा पत्ते टाकेल, डाव सोडेल! तो सुपारी कातरत म्हणतो, "पाहून तं घेऊ," आणि चौरीची जोडी दाखवून सगळं गोळा करून नेतो.

एकदा झालं तर नशीब म्हणावं. दर रविवारी होत असेल तर बिघाड समजावा. आमच्या ओसरीवर, आर्वी तालुक्यातल्या एका गावात, तो दिवाळी उलटेपर्यंत चालला.

मी पोकर मोबाइलवर शिकलो. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तो नेमका पोळ्याचा आठवडा. पोळ्याला आमच्याकडे पत्ते निघतातच. त्या वर्षी तीन पत्तीऐवजी मी होल्डम, म्हणजे हाच पोकर, मांडला. पैसे नाहीत, चिंचोके, प्रत्येकाला २००. जो शेवटचा येईल त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घालायचे, एवढाच व्यवहार. मोबाइलवर बऱ्यापैकी जिंकणारा मी, गावात सलग पोहे खाऊ घालत होतो. घरातून विचारणा झाली, "खेळ तुमीच आणला ना? मंग दर खेपेले आपलेच पोहे काहून?"

होल्डमचे नियम माहीत आहेत असं धरून पुढचं लिहितो.

आधी कारण, मग औषध

मला पहिल्यांदा वाटलं, यांना खेळ कळत नाही. हे निदान चुकीचं होतं आणि त्यानेच माझे दोन महिने खाल्ले. आमचे काकाजी चाळीस वर्षांपासून तीन पत्ती खेळतात. कापसाच्या गाडीवर, लग्नाच्या मांडवात, जिथे बैठक बसेल तिथे. पत्ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतात. फक्त त्यांचं माप तीन पत्तीचं आहे.

हे माप आकड्यात पाहा. तीन पत्तीत एकूण २२,१०० हात होऊ शकतात. त्यातले १६,४४० हात, म्हणजे साधारण ७४ टक्के, नुसते उंच पानाचे असतात. त्यात ना जोडी, ना रंग, ना सिक्वेन्स. जोडी येते १७ टक्के वेळा. म्हणजे तीन पत्तीत हातात छक्कीची जोडी असली तरी समोरच्याकडे बहुतेक वेळा काहीच नसतं, आणि जोडी धरून शेवटपर्यंत चाल करणं हा शहाणपणा असतो.

होल्डममध्ये शेवटी सात पानं असतात, दोन हातातली आणि पाच मधली. सात पानांतून काहीच न जुळण्याचं प्रमाण फक्त १७ टक्के. जोडी ४४ टक्के, दोन जोड्या २३ टक्क्यांच्या वर. तिथे जी जोडी सोन्यासारखी, ती इथे चिल्लर. काकाजी चौरीची जोडी धरून बसतात ते हट्टाने नाही. तीन पत्तीत ती जोडी त्यांना चाळीस वर्षं जिंकून देत आली आहे.

हे ध्यानात आलं आणि माझा राग गेला. शिवाय एक गोष्ट लख्ख दिसली: काकाजी जोडीला जेवढी किंमत देतात तेवढी ती नाही, म्हणजे माझ्याकडे जोडीपेक्षा थोडं जरी जास्त असलं तरी ते मला पूर्ण भाव देणार. बिघाड त्यांच्या खेळात नव्हताच. पत्ते टाकणाऱ्या लोकांसाठी असलेला खेळ मी पत्ते न टाकणाऱ्यांसमोर लावत होतो.

जाता जाता: तीन पत्तीत सिक्वेन्स रंगापेक्षा मोठी, होल्डममध्ये रंग सिक्वेन्सपेक्षा मोठा. यावरून आमच्याकडे एकदा जेवणाची ताटं ताटकळली. कारण साधं आहे. तीन पानांत सिक्वेन्सचे हात ७२० आणि रंगाचे १,०९६. पाच पानांत उलटं, रंगाचे ५,१०८ आणि सिक्वेन्सचे १०,२००. जे कमी वेळा येतं ते मोठं. हातांची उतरंड एका पुठ्ठ्यावर लिहून कॅलेंडरच्या बाजूला लावून टाका, अर्धे वाद तिथेच मिटतात.

ब्लफ बंद. खरोखर बंद.

"कमी करा" म्हणत नाही, बंद करा म्हणतो. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या राशीत, ६० असताना तुम्ही हातात काही नसताना ६० चा ब्लफ लावला तर तो दोनातून एकदा चालला तरच बरोबरी. अर्ध्या पॉटचा, म्हणजे ३० चा लावला तर तिनातून एकदा चालायला हवा. आता समोर तिघं आहेत आणि प्रत्येक जण दोनातून एकदा पत्ते टाकतो असं समजा. आमच्या ओसरीच्या मानाने हे फार झालं, पण समजा. तिघांनी एकाच वेळी टाकण्याचा योग आठातून एकदा. प्रत्येक जण पाचातून एकदाच टाकणारा असेल तर सव्वाशेतून एकदा. तेवढ्या वेळात पऱ्हाटी वेचून होते.

फ्लॉपवर काही जुळलं नाही तरी "रेज मी केलं होतं म्हणून बेटही मीच लावणार" ही सवय मोबाइलवरून आलेली. एक्का-बादशहाला फ्लॉपवर जोडी किंवा त्याच्या वरचं काही मिळतं ते साधारण तिनातून एकदाच. उरलेल्या दोन वेळा, समोर दोनहून जास्त लोक असतील तर चेक म्हणा, म्हणजे काही न लावता पाळी पुढे द्या, आणि चहा प्या. मला हे सगळ्यात अवघड गेलं. हातात एक्का-बादशहा आणि तोंडाने चेक, जीव खालीवर होतो.

ड्रॉ असतानाचा ब्लफही यातच धरा. चार बदाम जमलेत, पाचव्याची वाट पाहताय, तेव्हा मोठं रेज करून लोकांना हाकलायचं हे इथे होत नाही. त्यापेक्षा चेक किंवा स्वस्तातला कॉल. फ्लॉपवर चार पानं एका रंगाची असतील तर रिव्हरपर्यंत रंग पूर्ण होण्याची शक्यता ३५ टक्के. डावात चौघं असतील तर तुम्ही फक्त पाव हिस्सा घालता, म्हणून हा सौदा तुमच्याच फायद्याचा. पण अट एकच, तो रंग एक्क्याचा असावा. या मंडळींना हातात एका रंगाची कुठलीही दोन पानं आली की ती टाकवत नाहीत. तुमचा सत्तीचा रंग लागला तर त्यांचा गुलामाचाही लागतो, आणि मग तुम्ही पोह्याचे धनी.

चांगला हात असेल तर भाव वाढवा

सगळी दुरुस्ती खरं तर इथेच आहे. समोर एक जण उरलाय, पॉट ३० चा, तुमच्याकडे राणीची जोडी आणि सोबत एक्का. पूर्वी मी "पळून जाईल बिचारा" म्हणून १०, १५, २० असं लावायचो. शेवटी पॉट १२० चा, त्यात त्याचे ४५. आता लावतो २०, मग ५०, मग ११०. तो तितक्याच सहजतेने पाहतो. पॉट ३९० चा होतो आणि त्यातले त्याचे १८०. हात तोच, समोरचा माणूस तोच, फरक चौपटीचा. ज्याला "पाहून तं घेऊ" म्हणायचं आहे तो २० लाही म्हणतो आणि ५० लाही. कुठवर म्हणतो हे हळूहळू वाढवत नेऊन पाहा. ज्या आकड्यावर तो थांबून छताकडे बघायला लागेल, त्याच्या जरा अलीकडे आपला मुक्काम.

वरची जोडी असेल तर तिन्ही वेळा लावा. दुसऱ्या नंबरची जोडी असेल आणि पानं साधी पडली असतील तर दोनदा लावा, तिसऱ्यांदा चेक. मोबाइलवर मी दुसऱ्या जोडीला हातही लावत नव्हतो. इथे तिसऱ्या जोडीवाला पैसे भरतो, चिंचोके का होईना.

आणि लपवाछपवी नको. एकदा मला फ्लॉपवर नव्व्यांची तिकडी लागली. मी मोठा धूर्त, गप्प बसलो. टर्नवरही गप्प. फुकटात पानं पाहत पाहत मेहुण्याची रिव्हरला सिक्वेन्स पूर्ण झाली आणि त्याने मला झोडपलं. जो माणूस तसाही कॉलच करणार आहे त्याच्यापासून चांगला हात लपवायचा कशाला?

एक्क्यांची जोडी फुटते ही तक्रार

ही मी स्वतः सगळ्यात जास्त केलेली तक्रार, म्हणून हिशेब मांडून ठेवतो. एक्क्यांची जोडी एकासमोर ८५ टक्के वेळा जिंकते. दोघांसमोर ७३, तिघांसमोर ६४, चौघांसमोर ५६ आणि पाचांसमोर ४९ टक्के, हे समोरच्यांची पानं कुठलीही असू शकतात असं धरून. म्हणजे सगळे आत आले तर निम्म्या वेळा तुमचे एक्के फुटणार. फुटले की काकाजी म्हणणार, "तुये एक्के बिनकामाचे हाय बे." आणि ते डोक्यात राहतं.

पण पाच जण आत आले तेव्हा तुम्ही एकूण रकमेचा सहावा भाग घातलाय आणि जिंकताय जवळजवळ अर्ध्या वेळा. सहातून एकदा जिंकला असता तरी बरोबरी होती. तुम्ही सहातून तीनदा जिंकताय. याला नुकसान म्हणणारा माणूस सोयाबीनच्या भावाला काय म्हणेल?

तरी गर्दी कमी करायची असेल तर सुरुवातीचं रेज मोठं करा. २ च्या ब्लाइंडवर ८ ने कोणी हलत नसेल तर १५, तरीही नाही तर २०. आमच्याकडे २० ला दोघं-तिघं उरतात. तेवढे बरे.

कुठले हात खेळायचे

थोडे. इतरांपेक्षा निम्मे. कंटाळा येईल, शेंगा सोला.

छोट्या जोड्या, दुर्रीपासून सत्तीपर्यंतच्या, स्वस्तात फ्लॉप दिसत असेल तर घ्या. साडेआठातून एकदा फ्लॉपवर तिकडी लागते, आणि लागली की या बैठकीत तिचे पूर्ण दाम मिळतात. नाही लागली तर तिथेच सोडा, पुढे एक चिंचोका नाही. एक्का आणि त्याच रंगाचं कुठलंही पान, हेही चालतं, वर सांगितलेल्या रंगाच्या कारणाने. ज्यांचा मोह टाळायचा ते वेगवेगळ्या रंगांचे बादशहा-दश्शी, राणी-नव्वी असले हात. जोडी जुळते, पण गर्दीत ती बहुतेक दुसऱ्या नंबरची निघते.

न टाकणारा माणूस स्वतः रेज करतो तेव्हा

हा भाग नीट वाचा, कारण माझे सगळ्यात जास्त चिंचोके इथेच गेले.

फ्लॉप होता राणी, छक्की, दुर्री. माझ्याकडे बादशहाची जोडी. मी लावतो, काकाजी पाहतात. टर्नला लावतो, पाहतात. रिव्हरला लावतो, आणि काकाजी सुपारीचा अडकित्ता खाली ठेवून तिप्पट करतात. मी विचार केला, हे कधी पत्ते टाकत नाहीत, म्हणजे यांच्याकडे काहीही असू शकतं. कॉल केला. छक्क्यांची तिकडी.

कशालाही कॉल करणारा माणूस कशालाही रेज करत नाही. कॉल ही त्याची सवय आहे, रेज मात्र तो विचार करून करतो. आयुष्यभर पाहत बसणाऱ्याने आपणहून रास पुढे सरकवली की त्याच्याकडे किमान दोन जोड्या समजा आणि बादशहाची जोडी मुकाट्याने टाका. आमच्या काकाजींचा अडकित्ता खाली गेला की मी आता एका जोडीवर अजिबात थांबत नाही.

त्याच कारणाने "खोटं बोलतोय का बघू" म्हणून रिव्हरला कॉल करणंही सोडा. ही मंडळी ब्लफ करतच नाहीत. त्यांना ब्लफची गरजही पडत नाही, तुम्ही आहात ना.

मेहुण्याचा प्रकार वेगळा

पत्ते न टाकणारे सगळे सारखे नसतात. आमचा मेहुणा पाहून घेत नाही, तो वाढवतो. हातात काही असो नसो, त्याची चाल मोठी. तीन पत्तीतली ब्लाइंडची मस्ती त्याने इकडे आणली आहे. तिथे पत्ते न पाहणाऱ्याला पाहणाऱ्याच्या निम्मीच चाल द्यावी लागते, त्यामुळे बिनधास्त राहणं स्वस्त पडतं. इथे तशी सूट नाही, पण सवय आहे.

काकाजींचा नियम त्याला लावू नका. त्याच्यासमोर चांगला हात आला तर तुम्ही चेक करा, बेट तो लावेल. त्याचं रेज आलं म्हणून वरची जोडी टाकायची नाही. आणि बसायची जागा: त्याच्या डाव्या हाताला बसा, म्हणजे तो आधी बोलेल आणि तुम्ही नंतर. मी तर आता ओसरीवर सतरंजी टाकतानाच त्याचं पाणी कुठे ठेवायचं ते ठरवतो.

कोण कुठल्या जातीचा खेळाडू आहे हे कळायला वही लागते. दोन रविवार फक्त एवढं लिहा: शेवटी पानं दाखवली तेव्हा कोणाकडे काय होतं, आणि त्याने कॉल केला होता की रेज. बाकी काही नको. आमच्याकडे ती वही खताच्या हिशेबाच्या वहीतच मागच्या पानांवर आहे.

थोडी दुरुस्ती बैठकीचीही

काही दोष चिंचोक्यांचाही होता. संपले की बरणीतून मूठभर घ्यायचे, असं पहिले काही रविवार चाललं. फुकटच्या गोष्टीला कोण कशाला जपेल? मेहुण्याने एका रात्री चारदा मूठ भरली. मग ठरवलं, बरणीतून फक्त दोनदा, तेही १००-१००, आणि बरणी आजीच्या ताब्यात. आजी खेळत नाही पण हिशेब तिला पाठ असतो. ब्लाइंडही दर अर्ध्या तासाने वाढवायला लागलो: १-२, मग २-४, मग ५-१०. याने डाव रात्री अकराच्या आत उरकतो, आणि शेवटच्या तासात लोक थोडे विचार करून पाहतात.

थोडेच. इथे एक सावधगिरी. बरणीचा नियम केल्यावर दोन रविवार काकाजी खरोखर पत्ते टाकायला लागले आणि माझी कमाई कमी झाली. मग कळलं की मी माझंच गिऱ्हाईक सुधारायला निघालो होतो. बैठक इतपतच दुरुस्त करा की डाव डावासारखा राहील. त्यापुढे हात लावू नका.

याहून मोठी चूक म्हणजे शिकवणं. एकदा हरल्यावर मी काकाजींना ऐकवलं, की काकाजी, चौरीच्या जोडीवर एवढा कॉल करत नसतात. ते म्हणाले, "मंग कोन जिंकलं बापा?" सगळे हसले. उत्तर नव्हतं. पुढचा रविवार ते आले नाहीत, मला त्यांच्या घरी जाऊन बोलवावं लागलं. आपल्या घरी खेळायला येणाऱ्या माणसाला, तेही वयाने मोठ्या, पानावरून टोकणं हे पोकरच्या आधी माणूस म्हणून चुकीचं.

हे सगळं करूनही हरत असाल तर

पहिलं, चार-पाच रविवार थांबा. एक्के निम्म्या वेळा फुटतात हे वर आलंच, आणि एका रात्रीत चांगले हात पाच-सातच येतात. दुसरं, वहीत स्वतःचे कॉल मोजा. ब्लफ बंद केल्यावर माणूस नकळत दुसऱ्या टोकाला जातो. सगळे पाहतायत, आपणही पाहू. मला तिसऱ्या आठवड्यात माझ्याच अक्षरात सापडलं की मी राणी-नव्वीवर टर्नपर्यंत गेलोय. तिसरं, रात्री दहानंतर झोप येत असेल तर शेवटचे दोन डाव सोडून द्या. सकाळी ओलिताची पाळी असलेला माणूस रिव्हरला नीट विचार करत नाही.

एक जागा मला अजून जमलेली नाही. तिघं-चौघं आत आहेत, माझ्याकडे वरची जोडी पण सोबतचं पान फालतू, आणि फ्लॉपवर दोन पानं एका रंगाची. लावलं तर ड्रॉवाले सगळे सोबत येतात, नाही लावलं तर तेच फुकटात येतात. सध्या मी पॉटच्या पाऊण भागाएवढं एकदाच लावतो आणि टर्नला तिसरं पान त्याच रंगाचं पडलं की थांबतो. गेल्या तीन बैठकांत दोनदा वाचलो, एकदा मेहुण्याने दोन दुर्ऱ्या दाखवून नेलं. वहीत लिहून ठेवलंय.